रोइंग मशीन आणि जाळीतली धूळ

नायगावात आमच्या जिममध्ये रोइंग मशीन आलं, तेव्हा पहिले दोन महिने लोकांनी त्यावर टॉवेलच वाळत घातले. एका टॉवरच्या क्लबहाउसमध्ये ते नुसतं पडून होतं, तिथून वहिनींनी उचलून आणलं. वहिनी म्हणजे आमच्या मालकीणबाई. वसईच्या जुन्या शेतकरी घरातल्या. सासरची केळीची वाडी अजून आहे. रस्त्यालगतच्या जमिनीवर इमारत उठली, तिच्या तळमजल्यावर त्यांनी ही जिम काढली. मी तिथे झाडूपोछ्याला.

मी हिंगोलीकडची. आठवीनंतर शाळा सुटली, कारण नववीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि तेवढं लांब मुलीला कोण पाठवतं. लग्न होऊन इकडे आले. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, सकाळी निघतो तो दिवे लागल्यावर दिसतो. वहिनींनी मला ठेवून घेतलं तेव्हा स्टेशनची पूर्व बाजू कोणती आणि पश्चिम कोणती, तेही मला कळत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला आधी जेवायला बसवलं आणि मग झाडू कुठे असतो ते दाखवलं. हे मी विसरले नाही. पुढे जे केलं, तेही हे विसरलेलं नसतानाच केलं.

मशीन जोडायला एक मेकॅनिक आला होता. वयस्क माणूस, बोलायची हौस भारी. वहिनी फोनवर होत्या, म्हणून ऐकायला मीच उरले. तो म्हणाला, "बघा बाई, ह्यात बाकी काही नाही. पुढे पंखा आहे, तो हवा कापतो. जेवढी हवा आत, तेवढं जड." बाजूला एक खटका, एकपासून दहापर्यंत. तो वर केला की हवा जास्त. मग त्याने पाच-सहा गोष्टी सांगितल्या, आणि का कोण जाणे, त्या माझ्या डोक्यात बसल्या. शाळेतलं काही बसलं नव्हतं, हे बसलं.

साखळी आठवड्यातून एकदा तेलाच्या कापडाने पुसायची. इथे खाडीची हवा, लोखंड दोन दिवसांत लाल होतं. पण तेल ओतायचं नाही, नुसतं पुसायचं. सीट ज्या पट्टीवरून सरकते ती रोज कोरड्या फडक्याने पुसायची, नाहीतर काळा मळ धरतो आणि सीट खडखडते. दांडा सोडून द्यायचा नाही, हाताने जागेवर नेऊन ठेवायचा. आणि पंख्याची जाळी दर दोन-तीन महिन्यांनी उघडून साफ करायची.

"आणि साफ केलं ना," तो पेचकस खिशात घालत म्हणाला, "की ओढ वाढते. हवा मोकळी होते. आदल्या दिवशी पाचवर जेवढं जड होतं, तेवढं आता तीनवर होईल. खटक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. पडद्यावर ओढीचा आकडा येतो, तो खरा." कुठली बटणं दाबायची तेही त्याने दोनदा दाखवलं. पडद्यावर सगळं इंग्रजी. मी अक्षरं सोडून दिली, बटणांची जागा पाठ केली. आकडे तर मला येतात.

दुपारी एक ते चार जिम बंद असते. त्या वेळात मी लादी पुसून झाली की मशिनवर बसायला लागले. फोनवर व्हिडिओ लावायचे, आवाज बंद करून. इंग्रजी ऐकून काय करू? मी नुसते पाय बघायची. पहिल्यांदा मी हातांनीच ओढलं आणि दोन दिवस खांदे उचलेनात. मग आठवलं, माहेरी विहिरीवर पोहरा शेंदताना आम्ही एक पाय दगडाला लावायचो आणि अंग मागे टाकायचो. नुसत्या हातांनी पोहरा ओढणारी पोर तिसऱ्या खेपेला रडायची. इथेही तेच. आधी पायांनी ढकलायचं, मग पाठ थोडी मागे, मग हात पोटाकडे. परत येताना उलटं: आधी हात लांब, मग अंग पुढे, आणि सगळ्यात शेवटी गुडघे. गुडघे आधी दुमडले की दांडा त्यांच्यावर आपटतो. जाताना जोर, येताना निवांत. येताना घाई करते ती लवकर दमते.

कसं कळलं ठाऊक नाही, पण एक दिवस बिल्डिंगमधल्या काकू मला म्हणाल्या, "मावशी, मला ती होडी शिकव ना." त्या रिटायर्ड शिक्षिका, मूळच्या रत्नागिरीकडच्या, साठी उलटलेली. मी चौतिसाची, पण हातात पोछा असला की बाई मावशीच होते. त्यांच्यामागून अजून एक आली. मग सात झाल्या. मुलांना शाळेत सोडून अकरा वाजता यायच्या. मी त्यांचे पाय पट्ट्यात बसवून द्यायची. पट्टी करंगळीच्या बुडाशी आली पाहिजे, घोट्याशी नको. म्हणायची, "काकू, दांडा आवळू नका, बोटं नुसती अडकवा. बादली धरतो तशी." पुरुष येऊन खटका सरळ दहावर न्यायचे आणि मी बायकांच्या वेळेआधी तो खाली आणायची. एकदा एका दांडगटाने विचारलं, "मावशी, हा चारवर कुणी केला? हे काय बाळंतिणीचं मशीन आहे?" काकू म्हणाल्या, "बस की चारवर वीस मिनिटं, मग बघू बाळंतीण कोण ते." तो सात मिनिटांत उठला. त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत हसत होते.

वहिनी हे सगळं बघत होत्या. दिवाळीच्या आधी म्हणाल्या, "बायकांची वेगळी बॅच काढू गे. तूच सांभाळ. झाडूला दुसरी कोन तरी बघू."

मी हो म्हणाले की नाही, तेही आठवत नाही. पण त्या दिवसापासून ती बॅच माझी झाली होती. मनात मी तिची वेळसुद्धा ठरवली होती.

दिवाळीनंतर ती मुलगी आली.

राजोडीची, कोळ्यांच्या घरातली. बावीस-तेवीस वर्षं. बारावी करून तिने ट्रेनरचा कोर्स केला होता. वहिनींच्या ओळखीतून कुणीतरी शब्द टाकला होता आणि वहिनींना नाही म्हणवलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर्टिफिकेट आहे ना तिच्याकडे, लोकांना तेच लागते. तू आहेसच की तिच्या जोडीला." मी मान हलवली. ज्यांनी आपल्याला जेवायला बसवलं त्यांच्यासमोर तोंड कसं पाडायचं?

पण आतून माझं काय झालं ते सांगते. तिच्या टी-शर्टच्या पाठीवर 'ट्रेनर' लिहिलेलं होतं. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली की मी तो एकच इंग्रजी शब्द अक्षर अक्षर जोडून वाचायची, पुन्हा पुन्हा. तिचे बूट पांढरे होते आणि पांढरेच राहायचे. ती "फोर मोर, थ्री मोर" म्हणाली की बायकांच्या अंगात यायचं, ज्या माझ्या "अजून चार, बाई" ला कुरकुरायच्या त्याच. आणि काकू, माझ्या काकू, तिचा हात धरून सगळ्यांना सांगायच्या, "हिला काय शिकवायचं! हिचा बाप दर्यावर. हिच्या रक्तातच वल्हं आहे."

मला वाटायचं, असेल बाई रक्तात. आमच्या रक्तात काय, टँकरची रांग.

तिचं वागणं वाईट असतं तर सोपं गेलं असतं. ती मला ताई म्हणायची. मावशी न म्हणणारी ती एकटीच. मशीन वापरून झालं की घाम स्वतः पुसायची, मला हाक मारायची नाही. त्याचाही मला राग यायचा. आता फडकासुद्धा माझा नाही राहिला, असं वाटायचं.

तिने एक तक्ता केला. प्रत्येक बाईला खटका कितीवर सोसतो ते आठवडाभर बघून लिहिलं, प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला लावलं. काकूंसमोर पाच. तो आकडा त्या दिवशी बरोबर होता. खोटं कशाला बोलू, तिने नीट बघून लिहिला होता. फक्त जाळी तेव्हा धुळीने भरलेली होती. समोर टॉवरचं काम चालू, खिडकीतून सिमेंट येतं, वर टॉवेलांचा कापूस. जाळी साफ करायची वेळ कधीच होऊन गेली होती आणि मी हात लावला नव्हता. आता ट्रेनर आलीय ना, बघेल ती, असं.

एका रविवारी जिम बंद असताना वहिनीच म्हणाल्या, "त्या होडीला साफ कर गे जरा, किती घान झालीय." मी पेचकस आणला, झाकण काढलं. आत राखाडी धूळ घोंगडीसारखी जाळीला चिकटून बसली होती. हाताने सोलून निघाली. वहिनींच्या घरच्या व्हॅक्युमने उरलेली ओढली, झाकण बसवलं आणि पाचवर बसून दहा हात मारले. पंख्याचा आवाजच बदलला होता, मोकळा, भरघोस. तिसऱ्या हातालाच मांड्यांना कळलं. पडद्यावर ओढीचा आकडा बघितला तर आदल्यापेक्षा चांगला वर गेला होता. दोनवर आणलं तेव्हा कुठे जुन्या पाचइतका झाला.

मी उठले. भिंतीवर तो तक्ता होता. तो सगळाच्या सगळा आता चुकीचा होता, आणि हे वसई ते विरार फक्त मला ठाऊक होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. सोमवारी सकाळी ती आली, चप्पल काढून बूट घालताना म्हणाली, "ताई, काय चमकवलंय मशीन! मस्त!" मी म्हणाले, "हं." तिथे सांगता आलं असतं. विचारलं तर सांगीन, असं मी स्वतःला म्हटलं. पण जे घडलंय हेच तिला माहीत नाही, ते ती विचारणार कसं?

काकू बसल्या. तिने तक्ता बघून खटका पाचवर ठेवला. पाच-सहा हात झाले आणि काकू थांबल्या.

"आज जड का लागतंय गं?"

"काकू, संडेला काय हाणलंत? मटण?" ती मुलगी म्हणाली.

"हिच्या घरचं पापलेट हाणलं असेल," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी कोपऱ्यात पोछा पिळत होते. मीही हसले.

मला वाटलं होतं, काकू दमतील, जड जड म्हणून वैतागतील, दोघी-तिघी मला येऊन म्हणतील, मावशी तुझ्याकडेच बरं होतं. एवढंच मला हवं होतं. काकूंचा स्वभाव मी हिशेबात धरलाच नव्हता. शिक्षिका. सगळ्यांसमोर हार मानणार नाहीत. पाय कमी पडायला लागले तशा त्या पाठीने ओढायला लागल्या. मला लांबून दिसत होतं, खांदे आधी जात होते. तोंड उघडायला मला अजून वेळ होता. मग "आई गं" असा बारीक आवाज आला आणि दांडा सुटून आत आपटला.

दोघींनी धरून त्यांना घरी नेलं. पाठीचा स्नायू धरला होता. डॉक्टरांनी काही आठवडे आराम सांगितला.

वहिनी तासाभरात आल्या आणि सगळ्यांसमोर त्या मुलीवर तुटून पडल्या. "म्हातारी बाई सांगते जड होते, नि तू मस्करी करतेस? कोनी दिलं तुला सर्टिफिकेट?" मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून बॅच तू घे."

हे वाक्य मी किती दिवस वाट बघून ऐकलं ते कुणाला सांगू.

सगळ्या गेल्यावर ती मशिनवर बसली. पाचवर. हात मारायची, थांबायची, स्वतःच्या पाठीला हात लावून बघायची. मी लादी पुसत जवळ गेले तर म्हणाली, "ताई, पाच म्हणजे काय जास्त नाही ना? मग माझंच चुकलं. मी त्यांची पाठ बघायला पाहिजे होती. बोलत बसली मी." मग म्हणाली, "सगळे बोलतात हिच्या रक्तात आहे. आमच्याकडे बायका होडीत जात नाहीत, ताई. आई बाजारात बसते. मी अजून वल्हं हातात धरलेलं नाही. आणि आता तर बोटीला इंजिन असतं. पण सगळ्यांना वाटतं मला येतंच, मग विचारायचं कुणाला?"

तरी मी बोलले नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच आहे. मी बादली उचलली आणि पाणी बदलायला गेले.

दुसऱ्या दिवशी बॅच घेतली. खटका गुपचूप दोनवर. सहाही बायका हलक्या झाल्यासारख्या चालल्या. "मावशी, तुझ्या हाताला गुण आहे गं!" म्हणाल्या. मी "फोर मोर" म्हणून बघितलं. नीट निघालं. ती मुलगी पुरुषांच्या बाजूला वजनं रचून ठेवत होती. जे काम माझं, ते.

दुपारी काकूंकडे मऊ भात घेऊन गेले. त्या कुशीवर झोपल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं बॅच तुला मिळाली. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणार आहे, त्या मुलीला आसपासच्या कुठल्या जिममध्ये कुणी ठेवू नये म्हणून. आज मी होते, उद्या दुसरी कुणी असेल." आणि उशाशी फोन चाचपायला लागल्या.

बॅच घेणं वेगळं. तिचं सगळं कामच जायला निघालं होतं, आणि कामावाचून या शहरात कसं वाटतं ते मला शिकवायला नको. मी फोन त्यांच्या हाताखालून सरकवला आणि सांगितलं. जाळी, धूळ, खटका, आकडा. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले, हेही.

वर्गात चोरी करताना सापडलेल्या पोरीसारखी मी उभी. मग काकू म्हणाल्या, "माझी पाठ तुला दिसत होती?"

"दिसत होती."

"हं. वहिनीला तू सांगतेस की मी सांगू?"

मीच सांगितलं. वहिनी वाडीतून आल्या होत्या, पायाला माती. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुला मी घरचं मानूस समजत होते गे." मग पाणी प्यायल्या. मला जिमची किल्ली परत मागतील म्हणून मी ती कमरेची काढून हातात धरून ठेवली होती. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाल्या, "बॅच तिची. तू झाडू कर. आनि रोज बॅचच्या आधी तो आकडा बघायचा नि तिला मोठ्याने सांगायचा. सगळ्यांसमोर. मला ऐकू आला पायजे."

त्या मुलीला मी स्वतः सांगितलं. ती भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी कान धरून ऐकल्या असत्या. "मला शिकवा, आकडा कुठे दिसतो," एवढंच म्हणाली. मी बटणं दाखवली. जाळी उघडून दाखवली, साखळी पुसून दाखवली, हातचं काही राखलं नाही. तिने वहीत सगळं लिहून घेतलं, अगदी तेलाचं कापड किती ओलं ठेवायचं तेसुद्धा. तक्ता फाडून नवा केला, त्यात खटक्याच्या जागी ओढीचा आकडा. मशीन साफ असो की धुळीने भरलेलं, ज्या बाईला जो आकडा सोसतो तो बदलत नाही, खटका तेवढा मागेपुढे करायचा. मला हे कधी सुचलं नव्हतं. मी डोक्यात ठेवत होते, तिने भिंतीवर लिहिलं. त्या दिवसापासून तीही मला मावशी म्हणते.

काकू दीड महिन्याने आल्या. कमरेला पट्टा होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मशिनवर बसल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी वाकून बटणं दाबली, खटका एकावर आणला, आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि मोठ्याने सांगितला. वहिनी दारात होत्या. ती मुलगी काकूंच्या पाठीशी गेली, तळहात त्यांच्या कमरेपासून बोटभर लांब ठेवून उभी राहिली. "काकू, पायांनी. फक्त पायांनी. घाई नाही." पंखा हळू फिरायला लागला.

मी पोछा घेऊन मागच्या बाजूला गेले. तिथून तिचा आवाज येत होता. चांगला आवाज आहे, खालचा, घाबरलेल्या माणसाला धीर देणारा. काकू दहा हात करून थांबल्या आणि म्हणाल्या, "अजून दहा करू?" त्यांनी तिला विचारलं. ते त्यांनी मला विचारायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं, आणि काल बाराव्यांदा विचारलं तेव्हाही वाटलं.

रोज अकराला पाच कमी असताना मी आकडा सांगते. ती "ओके, मावशी" म्हणते आणि लिहून घेते.